पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस

नावं झाकायच्या खोलीची किल्ली नऊ वर्षं माझ्या करदोड्याला होती. आंघोळीलाही सोडत नसे. बायको म्हणायची, "मंगळसूत्र माझ्या गळ्यात आहे का तुमच्या कमरेले?" मी हसून वेळ मारून न्यायचो, कारण त्या खोलीत काय चालतं ते तिलाही सांगायची परवानगी नव्हती.

संपादक म्हणाले, बाइंडिंगच्या धंद्यातले अनुभव लिहा, वाचकांना गंमत वाटेल. मी म्हटलं, साहेब, मी आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर नावं टाकली, त्यापलीकडे काही लिहिलं नाही. तर म्हणाले, मग पाठीपासूनच सुरुवात करा. तशी करतो. पण आधीच सांगून ठेवतो, यात गंमत थोडी आहे आणि भीती जास्त. ती दहा-अकरा वर्षं मानेवर बसून आहे. या निमित्तानं उतरली तर पाहतो.

आम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी. घरी हातमाग होता. मागाचं काही खरं राहिलं नाही तेव्हा वडिलांनी मला नागपूरला गांधीबागेत एका बाइंडरच्या हाताखाली लावून दिलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की याला दोरा कळतो, लुगडं नाही तर पुस्तक शिवेल. पुढं त्याच गल्लीत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागं, मी माझं दुकान टाकलं. पुढच्या खोलीत शाळांचे हजेरीपट आणि वाचनालयांची फाटकी पुस्तकं, मागच्या खोलीत ते दुसरं काम.

बाहेरच्या माणसाला पुस्तक एक वस्तू दिसते. आम्हाला फर्म्यांची गड्डी दिसते. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. तो कागद घड्या घालून दुमडला की झाला फर्मा. असे चार-पाच फर्मे ओळीनं ठेवून शिवले, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात दाबलं, कडा कापल्या, की कवितासंग्रह तयार. कवीला त्यासाठी दहा वर्षं लागलेली असतात, आम्हाला चहा धरून अर्धा तास. फर्मे मागंपुढं होऊ नयेत म्हणून छापखाना प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव आणि फर्म्याचा आकडा टाकतो. वाचकाचं तिकडे लक्ष जात नाही. ती ओळ त्याच्यासाठी नसतेच, बाइंडरसाठी असते. आमचं सगळं पोट त्या ओळीवर.

आता ते दुसरं काम. आमच्या गावातली एक साहित्यसंस्था दरवर्षी पहिल्या कवितासंग्रहाला पुरस्कार द्यायची. फक्त पहिल्या. माणसाचा पहिला संग्रह एकदाच निघतो, त्यामुळे ज्याचा हुकला त्याचा कायमचा हुकला. म्हणून भांडणं फार कडू होत. अमका परीक्षक तमक्याचा मेहुणा, याला आडनाव बघून गुण दिले, त्याला अर्पणपत्रिका बघून दिले. एका वर्षी सभागृहात खुर्च्या उचलल्या गेल्या म्हणतात. तेव्हा संस्थेचे कार्यवाह दाणी सर यांनी एक पद्धत काढली. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, त्यांचा माणसांवर विश्वास कमी आणि रीतीवर जास्त.

पद्धत अशी. कवीनं चार प्रती पाठवायच्या. एक सरांच्या कपाटात कुलपात. तीन माझ्याकडे, तीन परीक्षकांसाठी. मी त्यांचे टाके उसवून फर्मे सुटे करायचे. मुखपृष्ठ, नावाचं पान, अर्पणपत्रिका, तिच्या पाठीला असलेला अनुक्रम, प्रस्तावना, सगळं कापून काढायचं. तळाच्या त्या बारीक ओळीतलं पुस्तकाचं नाव ब्लेडनं खरवडायचं, नुसता आकडा ठेवायचा. मग सगळे संग्रह एका मापात कापून, एकाच पांढऱ्या दोऱ्यानं शिवून, खाकी पुठ्ठ्यात बांधून वर क्रमांक. कापलेली पानं पाकिटात घालून रोजच्या रोज सरांकडे द्यायची, सर त्यावर लाखेची मोहोर करत. निकाल लागला की खाकी प्रती माझ्याकडे परत येत, त्या भिजवून मी त्यांचा लगदा करायचा, म्हणजे परीक्षकानं समासात काय खरडलं ते कुणाला दिसू नये.

काम देताना सरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही कविता वाचता का, नामदेवराव?"

"नाही, सर."

"वाचावीशी वाटते?"

"नाही."

"मग हे काम तुम्हीच करा. पण शब्द द्या, एक ओळही वाचणार नाही. वाचली की आवडते, आणि आवडली की माणूस कुणाला तरी सांगतो."

मी शब्द दिला. सरांचा मला धाक होता. ते कधी आवाज चढवत नसत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत, आणि तो पुसून होईपर्यंत समोरच्यानं उभं राहायचं असे.

नमुने भेटले तसे. एका कवीनं प्रत्येक कवितेच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफलं होतं, जुन्या संतांच्या चालीवर. बेचाळीस कविता, तीन प्रती, एकशे सव्वीस चिठ्ठ्या चिकटवल्या मी. तरी एक परीक्षक पान खिडकीपुढं धरून नाव वाचताना सापडले. पुढच्या वर्षापासून चिठ्ठीखाली काळा कागद आला. दुसरे एक प्राध्यापक. नागपुरात गुप्त गोष्ट पानठेल्यापर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही, तशी ती त्यांच्यापर्यंत पोचली असावी. दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या पुस्तकाले तेवढा लाल दोरा वापरा, बाकी काही नको." मी म्हटलं, "दादा, इथं शाळेचे हजेरीपट बांधतात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे आठ दिवस मी आतून कडी लावून काम केलं. पण त्यांचा दोरा पांढराच राहिला, हे मी अभिमानानं सांगू शकतो.

आता जे अभिमानानं सांगता येत नाही ते.

सहावं वर्ष होतं. मे महिना. सकाळी शिजवलेली खळ दुपारी आंबायची आणि घामाचा थेंब फर्म्यावर पडू नये म्हणून मी कपाळाला फडकं बांधून बसायचो. पंखा लावायची सोय नाही, कागद उडतात. त्या वर्षी एकोणीस संग्रह आले होते. त्यातले क्रमांक सात आणि क्रमांक चौदा एकाच छापखान्यात छापलेले. कागद एक, टाईप एक, माप एक, पानंही तेवढीच. कोण कुणाचं ते मला ठाऊक नव्हतं. पुढं कळलं, म्हणून इथंच सांगतो. सात नंबर उमरेडकडच्या एका शाळेतल्या बाईंचा, चौदा नंबर लकडगंजच्या एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या माणसाचा.

माझा स्वतःचा एक नियम होता. फळीवर एका वेळी एकच पुस्तक उघडायचं. तो मी त्या दिवशी मोडला. मापं सारखी, म्हणून दोन्हींच्या कडा एकाच दाबात कापू, तेवढाच वेळ वाचेल, असा विचार केला. दोन्ही पुस्तकं सुटी केली. तिन्ही प्रतींचा पहिला फर्मा एकत्र, दुसरा एकत्र, अशा गड्ड्या लावल्या, डावीकडे सात, उजवीकडे चौदा. नावं खरवडून टाकली. गड्ड्यांवर विटा ठेवल्या. वीट कमी पडली म्हणून दोन्हींच्या तिसऱ्या फर्म्यांवर काही ठेवलं नाही, आणि पुढच्या खोलीत डबा खायला गेलो.

वीज सकाळपासून गेलेली होती. आदल्या संध्याकाळी झाडलोट झाल्यावर हवा घ्यायला पंखा लावला होता, त्याचं बटण चालूच राहिलं होतं. दोन घास खाल्ले असतील नसतील, वीज आली आणि आत पंखा फिरायला लागला.

धावत गेलो. वजन असलेल्या गड्ड्या जागच्या जागी होत्या. सहा फर्मे तेवढे जमिनीवर. सगळ्यांवर पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस, सगळ्यांच्या तळाला आकडा तीन. तीन एका पुस्तकाचे, तीन दुसऱ्याचे, एवढं तर लगेच दिसलं. पण कोणते तीन साताचे आणि कोणते चौदाचे? ज्या ओळीनं हे सांगितलं असतं, ती मी तासाभरापूर्वी माझ्याच हातानं खरवडली होती. अनुक्रम आदल्याच दिवशी कापून सरांकडे गेला होता, त्यावर मोहोर झाली होती.

सरांना दिलेला शब्द मोडून मी साताच्या बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ वाचली आणि दोन्हींचं तेहतिसावं पान तिला जोडून पाहिलं. ओवी-अभंग असता तर तोंडानं म्हणून कळलं असतं कुठं अडतंय ते. ही मुक्तछंदातली. हेही जुळत होतं आणि तेही जुळत होतं.

उपाय एकच होता. अर्ध्या मैलावर संस्था, तिथं कपाटात अखंड प्रती. जायचं, सरांना सांगायचं, कपाट उघडून घ्यायचं, पाहायचं, परत यायचं. तासाभराचं काम. मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. मग सर चष्मा काढतील, पुसत राहतील, आणि मी तिथं उभा राहीन, हे डोळ्यांपुढं आलं. दोन पुस्तकं उघडली काहून, ओळ वाचली काहून, पंखा लावला काहून. किल्ली काढून द्यावी लागेल. गावात होईल, की नामदेव बाइंडरनं घोळ केला. खोटं कशाला सांगू, मी चपला काढल्या. डावीकडं जे पडले होते ते साताचे, असं ठरवलं आणि शिवून टाकलं. शिवण फार सुबक झाली होती, हे आठवलं की आजही लाज वाटते.

पुढचे दोन महिने जेवण गेलं नाही. बायको विचारायची, "काहून, बरं नाही वाटून राहिलं काय?" मी उन्हावर ढकलायचो. मनाशी म्हणायचो, एकोणीस पुस्तकं आहेत, बक्षीस एकाला, ते या दोघांतलं नसेलच. आणि कदाचित बरोबरही लागले असतील. आठ आणे शक्यता. आठ आण्यांवर माणूस किती दिवस झोपू शकतो ते मला विचारा.

निकाल लागला. तिन्ही परीक्षकांचं एकमत, क्रमांक सात.

समारंभाला मी दरवर्षी जायचो, शेवटच्या रांगेत बसायचो. त्या वर्षी नको वाटत होतं, पण गेलो नसतो तर सरांनी विचारलं असतं. शेजारच्या खुर्चीवर एक पस्तिशीचा माणूस येऊन बसला, धुतलेला सदरा, केसांना तेल, हाताच्या बोटांना राळेचे काळे डाग. त्यानं विचारलं, "तुम्ही बी कविता करता काय भाऊ?" मी म्हटलं, "नाही, मी बाइंडर. गांधीबागेत दुकान आहे." तो म्हणाला, "मी आरामशीनवर असतो. पुस्तक पाठवलं होतं. नाही लागला नंबर, पण ऐकू तरी, कोणाले भेटलं ते."

सात नंबरच्या बाई मंचावर बसल्या होत्या, बारीक अंगाच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या. वयस्क परीक्षक बोलायला उठले. म्हणाले, या संग्रहाचा आत्मा एका कवितेत आहे. ती सुरू होते पीठ मोजणाऱ्या बाईपासून, आणि अचानक आऱ्याखालच्या लाकडाशी जाते. अशी झेप आपल्याकडे कुणी घेतलेली नाही. मग त्यांनी ती हातातल्या खाकी प्रतीतून वाचली.

पीठ मोजताना हात अडतो,
घरात तोंडं किती, हे रोज नव्यानं आठवावं लागतं

इथं बत्तिसावं पान संपत होतं. त्यांची नजर शेजारच्या पानावर गेली, 'आरा' एवढा शब्द आला. तेवढ्यात माझ्या शेजारचा माणूस ओठांतल्या ओठांत म्हणाला,

आरा तुटला तेव्हा कळलं,
लाकडाच्या पोटात खिळा होता, कुणी ठोकला कुणास ठाऊक

आणि मग वरून परीक्षकांच्या आवाजात तेच शब्द आले. ओळ न ओळ. त्याचे ओठ आधी हलत होते आणि मागाहून मंचावरून आवाज येत होता. सभागृहात टाळ्या झाल्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहायची छाती नव्हती. मंचावरच्या बाईही मान खाली घालून बसल्या होत्या. आभाराची दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. लोक म्हणाले, किती नम्र. मला त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याच चेहऱ्यावरची भीती दिसत होती.

चार दिवसांनी खाकी प्रती लगद्यासाठी परत आल्या. त्याच दिवशी दुपारी तो दुकानात आला. हातगाडीवर पुस्तकांचे गठ्ठे, त्याच्या संग्रहाच्या उरलेल्या सगळ्या प्रती. मला वाटलं, कळलं याला. हातातली सुई खाली ठेवली.

"भाऊ, ओळखलं काय? त्या दिवशी बाजूले बसलो होतो," तो म्हणाला. "एक काम होतं. कोणाले सांगू नका. या पुस्तकातला एक फर्मा काढून द्याल काय? पान तेहतीसपासून."

"काहून?"

तो स्टुलावर बसला. बराच वेळ सदऱ्याची गुंडी काढत-घालत होता. "माहीच कविता हाये ती. रस्त्यानं जाता-येता मले पाठ हाये. त्या बाईच्या पुस्तकात कशी गेली, देवाले माहीत. मी डोकं फोडून फोडून विचार केला. छापखान्यात घोळ झाला असन. पण आता ते बक्षीसवाली कविता झाली. उद्या कोणी माह्यं पुस्तक उघडलं तर काय म्हणन? शाळेतल्या बाईनं मजुराची कविता चोरली, असं कोणी म्हणन काय? म्हणतीन, यानंच चोरली. मालकापर्यंत गेलं तर काम जाईन. मले भेव वाटून राहिलं भाऊ. काढून टाका तेवढं."

त्याची आरामशीनवरची नोकरी काय, तेही त्यानं त्याच ओघात सांगितलं. आऱ्याखाली जाण्याआधी प्रत्येक लाकूड हातोडीनं ठोकून पाहायचं, आत जुना खिळा नाही ना. खिळा राहिला तर पातं तुटून माणसाच्या अंगावर येतं. दिवसभर लाकडाला कान लावून हा माणूस ऐकत असे, आणि त्यातून त्यानं ती सोळा पानं लिहिली होती.

मी एवढंच म्हणालो, "शनिवारी या."

तो गेल्यावर मी सात नंबरची एक खाकी प्रत पिशवीत घातली आणि संस्थेत गेलो. अर्ध्या मैलाचं ते चालणं, जे मेमध्ये करायला हवं होतं. सरांना सगळं सांगितलं, पंख्यापासून. सरांनी चष्मा काढला. पण पुसला नाही, नुसता हातात धरला. त्यांच्यासमोर एक पत्र पडलं होतं, सात नंबरच्या बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, की वाचली गेली ती कविता पूर्ण माझी नाही, माझी कविता पुढं वेगळी आहे, कृपया शहानिशा व्हावी.

सरांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "हे बाहेर गेलं तर मागचे पाच निकालही खोटे ठरतील. प्रत्येक जण म्हणेल, माझाही फर्मा बदलला. पुरस्कार बंद पडेल, नामदेवराव."

"हो, सर."

"परीक्षकांचं वय झालं आहे. दोन संग्रह त्यांच्या डोक्यात एकत्र झाले असतील. बाईंना मी तसं कळवतो." त्यांनी ती खाकी प्रत माझ्या पिशवीत परत ठेवली. "आणि तुम्ही मला काही सांगितलेलं नाही."

मी किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "आता सोडलीत तर लोक विचारतील, काहून सोडली." सर शुद्ध बोलणारे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून 'काहून' गेलं. मला तेव्हा समजलं, की मला वाटते तितकीच भीती त्यांनाही वाटत होती. त्यानं धीर आला नाही, उलट उरलासुरला गेला.

शनिवारी तो आला. आणि मी कापलं.

एकशे त्रेसष्ट प्रती होत्या. प्रत्येक उघडायची, मधला टाका कापायचा, तिसरा फर्मा ओढून काढायचा, पाठ पुन्हा खळीनं बसवायची. तो समोर बसून एकेक प्रत हातात घेई, सरळ करी आणि गठ्ठ्यावर ठेवी. सांगायचं झालं तर तेव्हाही वेळ होती. पहिल्या प्रतीला सांगता आलं असतं, पन्नासाव्या प्रतीला सांगता आलं असतं. दर प्रतीला मी ठरवायचो, ही झाली की बोलू. बत्तिसाव्या पानानंतर एकोणपन्नासावं पान येणाऱ्या एकशे त्रेसष्ट प्रती तयार झाल्या आणि मी बोललो नाही.

जाताना तो काढलेल्या फर्म्यांच्या ढिगाकडे पाहत म्हणाला, "चुलीत नका घालू गा."

"नाही घालत," मी म्हटलं. एवढा एक शब्द तरी पाळला.

त्या वयस्क परीक्षकांना पुन्हा कधी बोलावलं नाही. सात नंबरच्या बाईंचं पुढं पुस्तक आलं नाही, चौदा नंबरचंही नाही. मी मात्र आणखी तीन वर्षं ते काम केलं, एका वेळी एकच पुस्तक उघडून, पंख्याची तार कापून टाकून. मग दाणी सर गेले, पद्धत बदलली, किल्ली परत केली. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून मुलाकडे नंदनवन वस्तीत राहायला आलो. बरोबर एक ट्रंक आणली. सुनेनं विचारलं, यात काय आहे, इतकी जड? मी म्हटलं, कागद.

या उन्हाळ्यात संपादकांचं पत्र आलं आणि मी ट्रंक उघडली. एक फर्मा घेतला. सोळाच पानं, पण त्याला मधून शिवलं, आतून अस्तर लावलं, निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला. वर नाव टाकलं. सगळ्या आयुष्यात एवढं सावकाश नाव मी टाकलं नव्हतं. ते घेऊन लकडगंजला गेलो.

तो अजून त्याच आरामशीनवर होता. केस पांढरे झालेले, हातात तीच हातोडी. मी पुस्तक त्याच्या हाती दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, विटा, पंखा, चपला, हे लिहायला घेतलंय तेही. त्यानं पुस्तक उघडलं, पहिली ओळ पाहिली, मिटलं.

"म्हणजे त्या शनिवारी तुमाले मालूम होतं."

"हो."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

त्यानं शेजारच्या लाकडावर हातोडीनं दोनदा ठोकलं, कान लावला, पुन्हा सरळ झाला. "मलेई वाटली होती," तो म्हणाला. "पण माह्या हातात तर काहीच नव्हतं. तुमच्या हातात पुस्तक होतं."

मी निघालो तेव्हा त्यानं मागून हाक मारली. म्हणाला, "लिहून राहिले म्हणता ना? तर हे लिहा. अन् माह्यं नाव झाकू नका."

सात नंबरच्या बाईंचं नाव मी इथं झाकलेलंच ठेवलं आहे. त्यांनी काही केलं नव्हतं, उलट एकट्या त्यांनीच पत्र लिहिण्याची हिंमत केली. चौदा नंबरचं नाव झाकायचा हक्क मला नाही. पिठापासून सुरू होणाऱ्या त्या कवितेत जिथं आरा येतो तिथून पुढं, पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस, शंकर गणपत ढोबळे यांची आहेत.